घरच्या कन्सोलला हँडहेल्डचे चोचले कशाला?

टीव्हीविना_वाघ:

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचतोय, आज पहिल्यांदाच धागा काढतोय, चुकीच्या विभागात पडला असेल तर हलवा.

तर घरात टीव्ही एक आणि दावेदार पाच. डोंबिवलीत वन बीएचके, हॉलमध्ये ४३ इंची टीव्ही, त्याच्याखाली मागच्या दिवाळीच्या बोनसमधून घेतलेला पीएस५, म्हणजे सोनीचा प्लेस्टेशन ५ कन्सोल. संध्याकाळी सात ते साडेनऊ आईच्या मालिका, मग बाबांना न्यूज चॅनेलवरची भांडणं, मधेच मुलीचं कार्टून, आणि आयपीएल असली की विषयच संपला. माझा नंबर लागतो रात्री अकरानंतर, तोपण बाबा हॉलमध्येच झोपतात म्हणून लाइट बंद, हेडफोन लावून, आणि सकाळी सातची लोकल. म्हणजे एवढी महागाची वस्तू आठवड्यात तीन-चार तास चालते आणि बाकी वेळ तिच्यावर आईचा क्रोशाचा रुमाल असतो (त्याला हवा लागते गं, असं दहा वेळा सांगून झालंय).

आता ऑफिसमधला एक म्हणतो प्लेस्टेशन पोर्टल घे, भारतात आलं तेव्हा १८,९९० ला होतं, हातात धरून खेळ, टीव्ही आईला देऊन टाक. दुसरा म्हणतो पीएस५ विकून टाक आणि दुबईवाल्या कुणाकडून तरी निन्टेंडोचा स्विच २ मागव, घरी टीव्हीवर, लोकलमध्ये हातात. तिसरा आमचा टीम लीड, तो भडकलाच. म्हणे घरचं कन्सोल घरचंच राहू द्या, त्याला स्क्रीन लावा, टच लावा, गायरो (हलवलेलं ओळखणारा सेन्सर) लावा, माइक लावा हे सगळे चोचले आहेत, कोण वापरतं? आणि खरं सांगायचं तर मी पीएस५ च्या कंट्रोलरचा टचपॅड फक्त नकाशा उघडायलाच वापरलाय आजवर.

तर विचारायचं ते हे, की हँडहेल्डमधल्या, म्हणजे हातात धरून खेळायच्या यंत्रांमधल्या, गोष्टी घरच्या कन्सोलमध्ये असाव्यात का मुळात? आणि त्यावरून मी पैसे कुठे घालू? बायकोने बजेट वीस हजार सांगितलंय, त्यातही ती हसत होती.


कार्ट्रिज_फुंकणारा:

तुमच्या टीम लीडला माझा नमस्कार सांगा.

साधी गोष्ट आहे. पहिल्या पीएस५ चं वजन साडेचार किलो, आतला पॉवर सप्लाय ३५० वॉटचा. तेवढी वीज खाऊन, तेवढा मोठा पंखा फिरवून तो तुम्हाला ते चित्र दाखवतो. आता तेच हातात धरायच्या अर्ध्या किलोच्या डब्यात बॅटरीवर चालवायचं म्हटलं तर काहीतरी सोडावं लागणार ना. पहिल्या स्विचमध्ये बघा, डॉकमधून (टीव्हीला जोडायच्या खाचेतून) काढून हातात घेतला की जीपीयूचा, म्हणजे चित्र बनवणाऱ्या चिपचा, वेग निम्म्यावर येतो, आणि गेम बनवणाऱ्याला तोच गेम दोन्हीकडे चालवून दाखवायचा असतो, मग तो मोजमाप कुठलं धरणार? जो कमकुवत आहे त्याचं. म्हणजे ज्याने आयुष्यात तो डॉकमधून उचलला नाही त्यानेसुद्धा स्क्रीनचे आणि बॅटरीचे पैसे भरले आणि वर चित्रही कमी घेतलं. बॅटरी तर वापरा नाहीतर नका वापरू, म्हातारी होतेच.

आमच्या लहानपणी सोय सरळ होती. टीव्हीला लावायचा तो व्हिडिओ गेम, पिवळी कार्ट्रिज, नाही चालली तर फुंकायची. आणि प्रवासात तो करडा ब्रिक गेम, ९९९९ इन १ लिहिलेला, ज्यात खरे गेम पाच-सहाच. दोन्हीची कुणी खिचडी केली नाही.


एडिसनची_सूनबाई:

खिचडी केली होती ना भाऊ, आमच्या घरी आहे अजून! निन्टेंडोचा वी यू.

नोव्हेंबर २०१२ मध्ये इथे अमेरिकेत आला तेव्हा मुलासाठी घेतला होता. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते, कन्सोल वेगळा, तो टीव्हीखाली, आणि कंट्रोलर म्हणजे एक ताटाएवढी जाडजूड पाटी, मधे ६.२ इंची टचस्क्रीन, दोन बाजूंना बटणं, स्टायलस, कॅमेरा, माइक, गायरो, काय म्हणाल ते. गेम पाटीत चालत नाही, चालतो कन्सोलमध्येच, चित्र तेवढं बिनतारी पाटीवर येतं. म्हणजे टीव्हीवर एक चित्र आणि हातात दुसरं.

आता या दुसऱ्या स्क्रीनचं काय झालं ते मी स्वतः पाहिलंय म्हणून सांगते, चांगलं पण आणि वाईट पण.

चांगलं म्हणजे निन्टेंडो लँडमधला भुताचा खेळ. एक जण पाटी घेतो, तो भूत. टीव्हीवर बाकीचे चौघं टॉर्च घेऊन फिरतात पण त्यांना भूत दिसतच नाही, जवळ आलं की हातातला रिमोट थरथरतो फक्त. भूत कुठंय ते फक्त पाटीवर. त्या वर्षी सासूबाई सहा महिने आल्या होत्या नाशिकहून, त्यांना कधी रिमोटसुद्धा धरवत नव्हता, पण त्या भूत झाल्या ना की पाटीवर पदर घ्यायच्या! मुलं डोकावायला आली की पदर अजून खाली. आणि एकेकाला मागून धरलं की "आला का नाही हाताशी" असं म्हणून खुदखुदायच्या. हा खेळ एका टीव्हीवर होऊच शकत नाही, पत्ते सगळ्यांना दिसले तर रमी कशी खेळणार.

वाईट म्हणजे बाकी बहुतेक सगळे गेम. झोम्बीयू मध्ये पिशवी उघडली की ती पाटीवर उघडते आणि गेम थांबत नाही, तुम्ही खाली मान घालून औषध शोधताय आणि वर टीव्हीवर तो येतोय. तिथे ते मुद्दाम केलेलं होतं, भीती वाटावी म्हणून, आणि वाटायचीही. पण पुढे २०१६ मध्ये स्टार फॉक्स झीरो आला त्यात विमान टीव्हीवर बघायचं आणि नेम पाटीत बघून धरायचा. वर बघ, खाली बघ, वर बघ. माझ्या मुलाने दोन दिवसांत ठेवून दिला. मान काय हलवायची ती भरतनाट्यममध्ये हलवू.

पण आमच्याकडे पाटीचा सगळ्यात जास्त उपयोग कशाला झाला सांगू? सासूबाई टीव्हीवर त्यांची मालिका बघतायत, शेजारी सोफ्यावर मुलगा पाटीवर मारिओ खेळतोय, आवाज बंद. बस. टीव्ही लागतच नाही. तळघरात गेला की चित्र तुटायचं, तेवढ्या लांब ते पोचायचं नाही, पण एका खोलीत दोघं शांत. वाघ, तुमचा प्रश्न हाच आहे ना?


लॅमिंग्टन_लांडगा:

एडिसनताईंचा पदर भारी. +१००.

पण हे वी यू पासून सुरू झालं नाही हो. १९९४ मध्येच सुपर गेम बॉय होता, निन्टेंडोच्या गेम बॉय या हँडहेल्डची कार्ट्रिज त्यात खोचून टीव्हीवर खेळायची. म्हणजे उलटा प्रवास, हातातलं टीव्हीवर. २००३ मध्ये निन्टेंडोच्याच गेमक्यूब कन्सोलच्या बुडाला लावायचा गेम बॉय प्लेअर आला, तेच. ह्याला कुणी नावं ठेवली नाहीत कारण त्यात कुणाचं नुकसान नव्हतं, आहे तो गेम मोठा दिसतो.

नंतर सेगाने १९९८ मध्ये ड्रीमकास्टच्या कंट्रोलरमध्ये मेमरी कार्डच स्क्रीनवालं दिलं, व्हीएमयू. स्क्रीन केवढी, ४८ बाय ३२ ठिपके! त्यात रेझिडेंट ईव्हिल कोड व्हेरोनिका खेळताना तुमची तब्येत दिसायची. बाहेर काढून खिशात घालून छोटे गेम पण खेळता यायचे. दोन घड्याळी सेल लागायचे आणि ते संपले की दर वेळी कन्सोल चालू करताना लांबलचक पीईईईप. माझ्याकडे लॅमिंग्टन रोडवरून जुना आणलेला आहे, तो पीप माझ्या बायकोला घराच्या बेलपेक्षा जास्त ओळखीचा झालाय.

आणि सगळ्यात मोठा नमुना म्हणजे गेमक्यूब आणि गेम बॉय अॅडव्हान्सची केबल. फायनल फँटसी क्रिस्टल क्रॉनिकल्स चौघांनी मिळून खेळायचा तर कंट्रोलर चालत नाही, प्रत्येकाला स्वतःचा गेम बॉय अॅडव्हान्स हवा. चार जण, चार गेम बॉय, चार केबली आणि एक कन्सोल. लग्नाचं बुकिंग परवडलं. त्याउलट पॅकमॅन व्हर्सस, त्याला एकच गेम बॉय लागायचा, पॅकमॅन झालेल्याला हातात पूर्ण नकाशा, बाकी तिघं भुतं टीव्हीवर, त्यांना आपल्या आजूबाजूचंच दिसणार. ताईंनी सांगितलेला खेळ याच पोटातून आलाय. खेळाची कल्पना तीच, फरक एवढाच की एकात प्रत्येकाला खर्च आणि दुसऱ्यात एकाला.


बॉस_मॅक्स_९७:

फोन आहे ना सगळ्यांकडे. बीजीएमआय खेळा. धागा बंद.


कार्ट्रिज_फुंकणारा:

@बॉस, तू झोप.

@लांडगा, @एडिसन, तुम्ही दोघांनी माझंच सिद्ध केलंत की. एवढी वर्षं, एवढे प्रयोग, आणि हाताशी काय राहिलं? दोन भुताचे खेळ. वी यू एकूण विकला गेला १ कोटी ३५ लाखांच्या आसपास, त्याच्या आधीचा वी १० कोटींच्या वर गेला होता. लोकांना तर कळलंच नाही की हा नवा कन्सोल आहे, त्यांना वाटलं जुन्या वी ची नवी पाटी आलीय.

आणि स्विच चालला म्हणून कुणी नाचू नका. स्विच हा घरचा कन्सोल नाहीच, ते हँडहेल्ड आहे ज्याला टीव्हीची वायर लावता येते. १५ कोटींच्या वर विकला गेला ते म्हणूनच. त्यात गंमत बघा, टचस्क्रीन आहे ना त्याला? पण डॉकमध्ये घातला की स्क्रीन आत झाकली जाते, मग क्वचितच एखादा गेम "टच लागेलच" असं म्हणू शकतो कारण अर्धी जनता टीव्हीवर खेळतेय. मारिओ मेकर वी यू वर स्टायलसने असा सुरेख व्हायचा, विटा नुसत्या काढत जायच्या. २०१९ मध्ये दुसरा भाग स्विचवर आला, टीव्हीवर तो बनवायला बसा कंट्रोलर घेऊन, एकेक वीट ठेवत, मग बोला. म्हणजे दोन्ही घरचा पाहुणा उपाशी.


रांगत्या_बाळाची_आई:

मी एक वेगळंच सांगू का, इथे सगळे स्क्रीनच्याच मागे लागलेत.

मला बाळ आहे अकरा महिन्यांचं. मी खेळते ते बारा मिनिटं, पंधरा मिनिटं, कधी उठेल सांगता येत नाही. हँडहेल्डमधली घरच्या कन्सोलला आलेली सगळ्यात मोठी गोष्ट कुठली असेल तर ती झाकण. आठवतंय निन्टेंडोच्या डीएस हँडहेल्डचं झाकण? २००४ चा तो. खेळता खेळता टप्पकन मिटायचं, गेम आहे तिथे थांबला, उघडलं की तिथूनच सुरू. त्या काळात घरच्या कन्सोलवर काय होतं, सेव्ह पॉइंट येईपर्यंत उठायचं नाही, "आले आले, दोन मिनिटं" करत आईची बोलणी खायची, आणि मधेच लाइट गेले तर तासाभराचं काम पाण्यात.

आता बघा, पीएस४ ला २०१५ च्या अपडेटमध्ये ते आलं, रेस्ट मोडला टाकायचं आणि परत तिथूनच. एक्सबॉक्सच्या नव्या पिढीत २०२० पासून तर एकाहून जास्त गेम असे अर्धवट सोडून ठेवता येतात. हे कुणाला "हँडहेल्ड फीचर" वाटतच नाही कारण ते दिसत नाही, त्याला मानही हलवावी लागत नाही. पण हे नसतं तर मी बाळंतपणानंतर गेमिंग सोडलंच असतं, एक पण गेम पूर्ण झाला नसता.

गायरोचं म्हणाल तर ते हँडहेल्डमधून आलं असं नाही म्हणता येणार, हलवून खेळायचं वी आणि पीएस३ मध्ये २००६ मध्येच होतं. पण स्प्लॅटून एकदा गायरोने खेळा, नुसत्या स्टिकने नेम धरायला हात तयार होत नाही नंतर. चोचला नाही तो. सवय लागेपर्यंत दोन दिवस वैताग येतो हे खरं.


कार्ट्रिज_फुंकणारा:

झाकणाचं मान्य. बिनशर्त. मीच उद्या माझ्या टीम लीडला सांगतो (मला टीम लीड नाही, दुकान आहे).

स्क्रीनचं मान्य नाही.


नेटवर्कवाला_नाना:

वाद चालू द्या, मी जरा वाघाच्या वीस हजारांकडे बघतो, कारण त्याला कुणी उत्तरच दिलं नाही अजून.

बाळा, पोर्टल म्हणजे कन्सोल नाही हे आधी डोक्यात पक्कं कर. एडिसनवाल्या ताईंनी सांगितलं ना, पाटीत गेम चालत नाही, चित्र येतं फक्त, पोर्टल पण तेच. आठ इंची स्क्रीन, १०८० पी, दोन्ही बाजूंना तुझ्या कंट्रोलरचेच अर्धे भाग. फरक एकच पण फार मोठा. वी यू ची पाटी कन्सोलशी थेट बोलायची, मधे कुणी नाही. पोर्टल बोलतं तुझ्या घरच्या वायफायमधून. म्हणजे बटण दाबलं, ते राउटरकडे गेलं, तिथून पीएस५ कडे, तिथे चित्र बनलं, परत राउटर, परत तुझ्या हातात. या फेरीत कुठे भिंत आली, शेजारच्या आठ वायफायचा गोंगाट आला, की हातात झटके. आणि पीएस५ पण बिनतारी असेल तर एकाच हवेतून दोनदा ये-जा.

तर पैसे घालायच्या आधी हे कर. पीएस५ चं चित्र फोनवर आणणारं रिमोट प्लेचं अॅप फुकट मिळतं. कंट्रोलर ब्लूटूथने फोनला जोड, किचनमध्ये जाऊन बस आणि खेळून बघ. तुझ्या घरात पोर्टल कसं चालेल त्याचा निम्मा अंदाज तिथेच येईल. वाईट चाललं तर पोर्टलला शिव्या घालण्याआधी पीएस५ पासून राउटरपर्यंत लॅनची केबल टाक, दोनेकशे रुपयांचं काम, आणि फोन ५ गिगाहर्ट्झवर ठेव. सोनी म्हणते कमीत कमी ५ एमबीपीएस, बरं चालायला १५, पण घरातल्या घरात वेगापेक्षा स्थिरपणा महत्त्वाचा, हे लक्षात ठेव.

दुसरं, लाइट गेले की पोर्टल पण गेलं. त्याची बॅटरी भरलेली असेल हो, पण पीएस५ आणि राउटर बंद, मग ते फक्त आरसा. लोकलमध्ये वगैरे तर विसरच. बाहेरच्या देशात पोर्टलवर कंपनीच्या सर्व्हरवरून गेम येतात, पीएस५ चालू नसला तरी, पण आपल्याकडे पीएस प्लस या सोनीच्या सभासदत्वाचं डिलक्स मिळतं आणि त्यात ते क्लाउड स्ट्रीमिंग नाही. स्विच २ लोकलमध्ये चालेल, पण तो आपल्याकडे अधिकृत मिळत नाही, बिघडला तर कुणाच्या दारात जाणार ते आधी ठरव. आणि वीस हजारात तो बसणारही नाही.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, हे कुणी सांगत नाही. पीएस५ च्या सेटिंगमध्ये सिस्टम, मग एचडीएमआय, तिथे डिव्हाइस लिंक म्हणून आहे ते बंद कर. ते चालू असलं की कंट्रोलरचं बटण दाबून कन्सोल सुरू केला रे केला की टीव्ही आपणहून त्या इनपुटवर उडी मारतो. माझ्या घरी मीच ते चालू ठेवलं होतं आणि मालिकेत नेमका खुनी कोण ते कळायच्या क्षणी पडद्यावर निळा लोगो. आठवडाभर भाजीला मीठ नव्हतं.


बॉस_मॅक्स_९७:

नाना लीजंड


टीव्हीविना_वाघ:

सगळ्यांचे आभार, एवढे प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं. रविवारी नानांनी सांगितलं ते सगळं करून बघितलं, रिपोर्ट देतो.

किचनमध्ये ओट्याजवळ खुर्ची टाकून बसलो, फोन मसाल्याच्या डब्याला टेकवून. पहिल्यांदा बेकार. फुटबॉल लावला तर मी पास देतोय आणि तो अर्ध्या सेकंदाने देतोय, तोपर्यंत बॉल दुसऱ्याचा. मधली भिंत जाड आहे आणि राउटर टीव्हीच्या मागे, म्हणजे टीव्हीच्याच सावलीत. राउटर शोकेसवर गणपतीच्या शेजारी ठेवला (आईची परवानगी घेऊन), पीएस५ ला शेजाऱ्यांकडून लॅनची केबल मागून आणून लावली, आणि काय सांगू, एकदम फरक. स्पायडरमॅन छान चालला. फुटबॉल अजून किंचित मागे वाटतो पण माझ्या लेव्हलला तो बहाणाच आहे.

डिव्हाइस लिंक बंद केलं. नाना, तुमच्या घरच्या भाजीला मीठ आलं का?

वादाचं म्हणाल तर फुंकणारे भाऊंचं पटतंय की स्क्रीन प्रत्येक डब्यात घालून सगळ्यांकडून पैसे घेऊ नयेत, पण मला जी हवीय ती दुसरी स्क्रीन नकोच आहे, मला टीव्ही सुटायला हवाय. वर-खाली बघायचं नाही, एकच स्क्रीन, फक्त ती हॉलमध्ये नको. ती ज्याला हवी त्याने वेगळी घ्यावी असं असेल तर तुमची काही हरकत आहे का? आणि रेस्ट मोडचं वाचून लक्षात आलं की मी रोज इमानदारीत पूर्ण बंद करत होतो, आईने सवय लावलेली, स्विच बंद कर, स्विच बंद कर. दोन मिनिटं तिथेच जायची.

पोर्टल लगेच घेत नाही. महिनाभर फोनवर काढतो, तेवढ्यात बायकोचं हसणं थांबलं तर बघू.


कार्ट्रिज_फुंकणारा:

वेगळी असेल तर हरकत नाही. ज्याची खाज त्याने खाजवावी.


एडिसनची_सूनबाई:

मसाल्याच्या डब्याला टेकवून! फोटो टाका.


टीव्हीविना_वाघ:

फोटो नाही टाकत, मागे पसारा आहे. नाना, एक राहिलंच, ती केबल आता हॉलभर फरशीवर पडलीय, शेजाऱ्यांची परत करून नवीन घेतोच आहे तर किती मीटरची घेऊ? भिंतीच्या कडेने नेली तर वाटेत बाबांची गादी येते, रोज गुंडाळावी लागेल.


नेटवर्कवाला_नाना:

कडेने नको, वरून ने. दाराच्या चौकटीला क्लिपा मारत. १० मीटरची घे, १५ ची नको, उरलेली गुंडाळी आईंना दिसली की ती पण रुमालाखाली जाईल.